मंगळवारची पाळी

ह्या मंगळवारी गोडाची पाळी माझी.
चर्चच्या तळघरात, जिथे सतरंजीवर
आठ-नऊ बाळं उपडी पडून
एकमेकांची नाकं तपासतात,
तिथे दर आठवड्याला कुणीतरी घरून काही करून आणतं.
राकेलने मागच्या खेपेला वेलचीचे पाव आणले होते.
भिंतीवरच्या यादीत माझ्या नावापुढे
मी उगाच लिहून बसलो :
फेटलेली गुलाबी लापशी, आईची.

आई असती तर प्रश्न नव्हता.
तिने कधी काही लिहून ठेवलं नाही.
मला आठवतो तो नुसता आवाज,
अंगणातल्या बर्फात रुतवलेलं पातेलं
आणि ती, ओव्हरकोट घालून, वाकून,
खटखट खटखट फेटतेय,
जुनं भांडण एकदाचं मिटवायला बसल्यासारखी.

तर, लिंगनबेरी उकळायच्या.
सप्टेंबरात आम्ही वेचलेल्या
(म्हणजे ईरिसने वेचलेल्या, मी बाळाला पाठीशी बांधून
माश्या हाकत उभा होतो).
रस गाळायचा. रवा भुरभुरवायचा.
मी भुरभुरवला नाही, ओतला.
वाटाण्याएवढ्या गुठळ्या.
घरात विचारायला कुणी नाही. ईरिस रात्रपाळी करून
पडदे ओढून झोपलेली, नर्सचे बूट दारात
एक सरळ, एक आडवा.

साखर घालण्याआधी
दोन चमचे बाजूला काढले, तुइस्कूसाठी.
ती बाल्कनीत, गाडीत, उणे आठ अंशांत
गाढ झोपली होती,
इथली सगळी बाळं झोपतात तशी,
लोकरीतून फक्त नाक बाहेर.
तिच्या शेजारी पातेलं ठेवलं.
दोघांवर एकदम लक्ष :
एकाला थंडी लागू नये,
एकाला लागावी.

मशीन लावलं असतं तर दोघी उठल्या असत्या.
हातानेच फेटलं.
दहा मिनिटं. वीस. खांदा भरून आला.
काळपट तांबडं होतं, मग विटकरी,
मग नेमकं कधी ते कळलं नाही,
कारण मी गाडीत डोकावत होतो,
तेवढ्यात पातेल्यात उजाडलं.
तुइस्कू जांभई देते तेव्हा
आत दिसतो, तो रंग.

तळघरात बायका बोलतात.
आम्ही तीन बाप रेडिएटरपाशी उभे असतो
बसची वाट बघितल्यासारखे.
ओत्सोला जुळी आहेत. ऑगस्टपासून आमचं बोलणं एवढंच :
झोपतात का?
नाही.
आज तो रिकामी वाटी घेऊन आला, पुन्हा भरून घेतली,
म्हणाला, गुठळ्या कशा टाळल्यास?
टाळल्या नाहीत, म्हटलं. चाळणीतून रगडल्या.
त्याने बराच वेळ मान हलवली.
माझी आईही बाहेर ठेवायची, बर्फात, म्हणाला.
मग काही नाही.
आमच्या काजानीत ह्याला भाषण म्हणतात.

एका मुलाने कुणाचा तरी मोजा खाल्ला.
एक बाळ स्वतःच्याच शिंकेला दचकून रडलं,
त्याचं बघून बाकीची.
त्या गदारोळात मी तुइस्कूला मांडीवर घेतलं,
बिनसाखरेचा चमचा पुढे केला.
तिने तोंड असं केलं
की जगाने तिला फसवलंय.
आणि लगेच पुन्हा आ.

दुसऱ्या घासाला चमचा वाजला.
टक्.
मी परत वाजवून पाहिला. टक्.
खालच्या हिरडीत, तांदळाच्या कणीएवढं,
पांढरं.

राकेल जवळच होती. ओत्सो होता.
कुणालाही सांगितलं नाही.
घरी येऊन उरलेली लापशी झाकून ठेवली,
तिच्यावर एक लहान चमचा.
चार वाजता, अंधार पडल्यावर, ईरिस उठेल,
केस एका बाजूला चपटे,
विचारेल, कसं झालं?
मी म्हणेन, बरं झालं.
म्हणेन, मी दमलोय, आज तू भरव.
आणि भांडी घासायला वळेन,
नळ न सोडता,
कान मागे ठेवून.