सतरा चटया

गाडीत सतरा चटया, दोन घोंगड्या, एक शेगडी,
आणि रेनानचा डावा गुडघा,
ज्याबद्दल वर्गात आम्ही अवाक्षर काढत नाही.

चिलोए बेटावर जाणाऱ्या फेरीच्या रांगेत
आमच्या पुढे मेंढ्यांचा ट्रक.
मी म्हणते, बघ, श्वास कसा पोटातून घेतायत.
तो हसत नाही.
काल आम्ही क्लचवरून भांडलो.
म्हणजे, सुरुवात क्लचवरून झाली.

सोमवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये,
लाल बंबाला हात टेकवून एका पायावर उभे
तीन जवान आणि त्यातल्या एकाची सासू.
मंगळवारी शाळेत, बास्केटबॉलच्या रेषांवर.
बुधवारी चिटपाखरू नाही.
बटाट्यांची काढणी होती, हे कुणी सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नव्हतं.
सान्तियागोतून निघताना वाटलं होतं,
आम्ही काहीतरी घेऊन चाललोय.
आता मागच्या सीटवर
जांभळ्या बटाट्यांचं अर्धं पोतं, धुरावलेले शिंपले,
फी म्हणून मिळालेले.
गाडीला आता त्यांचाच वास.

गुरुवारी केमचीत, मच्छीमार संघाच्या खोलीत,
लोकरीच्या मोज्यांतल्या अकरा बायका.
ओहोटीला गुडघाभर गार पाण्यात उभ्या राहून
समुद्रशेवाळ उपटणाऱ्या.
मी म्हटलं, कमरेतून हळूहळू पुढे वाका.
हशा पिकला.
"जन्मभर तेच करतोय, पोरी,
त्याला पैसे कशाला मोजायचे?"
मग मी वहीतलं सगळं खोडलं
आणि तासभर फक्त मागे वाकवलं त्यांना,
छताकडे, जिथं त्या कधी बघत नाहीत.
छताला गळती होती. तीही त्यांनी तेव्हाच पाहिली,
आणि आसन अर्धवट सोडून
दुरुस्तीला पत्रे कुठून आणायचे यावर बोलत बसल्या.

शेवटी शवासन.
दोन्या एतेल्विना, सत्तरीची, खिडकीजवळच्या चटईवरून:
"त्याचं नाव पुन्हा सांग."
सांगितलं. संस्कृतात शव लांब कुठंतरी असतं,
कुणा परक्याचं.
आमच्या स्पॅनिशमध्ये मढं म्हणजे मढं,
ओलं, फुगलेलं, बूट हरवलेलं.
ती उठून बसली.
"तुमचं चालू दे. मी इथं बाकावर बसते."

पिशवीतून विणकाम काढलं तिनं.
नऊ मिनिटं सुयांचा आवाज,
दुसरं घड्याळ नव्हतं.
दारापाशी एकीनं माझ्या कानात सांगितलं:
तिचा नवरा, चौदा वर्षांपूर्वीचं वादळ.
सापडला नाही. पेटीत त्याचा कोट घालून पुरला.
आणि वजनाला दगड,
खांदेकऱ्यांना बरं वाटावं म्हणून.
सगळ्यांनी पाणी सोडलं त्याच्यावर,
एतेल्विनानं अजून सोडलेलं नाही.

मला काही सुचलं नाही.
सहा वर्षं झाली शिकवून,
लोकांना पाठ टेकायला सांगून.
रेनान मात्र, ज्याच्याशी मी सकाळपासून अबोला धरला होता,
लंगडत गेला, शेगडीत दोन ओंडके टाकले,
आणि तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.
"माझा गुडघा गेलाय," तो म्हणाला,
एवढ्या लोकांत, पहिल्यांदा.
तिनं सुया न थांबवता गुडघ्याकडे पाहिलं.
"शेवाळाचा लेप," ती म्हणाली. "आणि चढ टाळ."
"आमची गाडीच चढ टाळते," तो म्हणाला.

रात्री धक्क्यावर चटया मोजल्या. सोळा.
पुन्हा मोजल्या. सोळाच.
खिडकीजवळची नव्हती.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी फेरीच्या दिव्याकडे.
गाडी कुणीच वळवली नाही.

तेव्हापासून शेवटच्या आसनाला आम्ही नाव देत नाही.
पडा नुसतं, म्हणतो, किंवा बसा,
किंवा हातात काही काम असेल तर ते करा.
क्लच अजून घासतोय.
गाडीत लेपाचा वास बटाट्यांच्या वासावर बसलाय,
आणि पुढचं गाव कुठलं, हे नकाशा बघून
आता तो मला विचारतो.