एक सूत

हिप्परग्याच्या तलावाकाठी, तुळजापूर रस्त्याच्या अंगाला
लिंबाखाली ट्रॉलीवर एक बोट आहे. खात्याची.
आठ वर्षं उभी. सीटवर कावळ्यांची शिट,
इंजिन पोटात, आणि मागे फळीबाहेर
लोंबता लोखंडी पाय, पंख्यासकट.
नदाफ वॉचमन म्हणाला, "चाकच फिरत नाही ओ.
पुण्याचा मेकॅनिक आलता. बघितला, जेवला, गेला."

मी जॉबर. एकोणतीस वर्षं चादरीचे माग चालते ठेवले.
बोटीत कधी बसलो नाही.
पोहताही येत नाही, हे आधीच सांगून टाकलं.
"जमिनीवरच हाय की ती," नदाफ म्हणाला.

चाक धरलं. भिंत धरल्यासारखं.
जोर केला नाही.
गड्डम वस्ताद सुपारी गालात ठेवून म्हणायचा,
माग अडला की पहिला पट्टा काढ,
मग हाताने फिरवून बघ, मग शिव्या दे,
त्याही नेमक्या भागाला.

केबल जिथे पायाच्या दांडीला भेटते
तिथली पिन काढली. केबल सुटी केली.
आणि चाक फिरलं! पोरासोरांच्या भिंगरीसारखं.
आठ वर्षं सगळे त्यालाच बोल लावत होते.

या जातीच्या बोटीला वेगळं सुकाणू नसतं, हे तेव्हा कळलं.
जो ढकलतो, तोच वळतो.
अख्खा पाय एका उभ्या दांड्यावर झुलतो
आणि तो दांडा गंजून बुशात असा बसलेला,
वाटणीनंतर एकाच खोलीत राहिलेले
दोन भाऊ बसतात तसा.

गॅसची ज्योत नको. टाकीला अजून पेट्रोलचा वास,
शेजारी रबराचा चुणीदार भाता.
नदाफने चहाच्या गाडीवरून उकळत्या पाण्याची किटली आणली.
आधी पाणी, मग डिझेलात कालवलेलं मागाचं तेल,
मग थांबणं.
सोमवार. मंगळवार.
बुधवारी माझी रात्रपाळी, नदाफनेच तेल पाजलं
आणि फोनवर म्हणाला, "पिलालंय बघा."

त्याच आठवड्यात आमच्या शेडमधले बारा माग
किलोवर गेले.
काट्यावर चढवताना एकाच्या पेटीत धोटा तसाच होता,
कांडीवर हिरवं सूत अर्धं.
मी उचलून पिशवीत टाकला. कुणी विचारलं नाही.

गुरुवारी हातोडी आणली, लाकडी ठोकळा विसरलो.
पिशवीत हात घातला तर धोटा.
तोच आडवा धरला पायाच्या बगलेला.
डावीकडून दोन ठोके. उजवीकडून दोन.
पुन्हा डावीकडून.
हा आवाज माझ्या ओळखीचा होता, फक्त फार सावकाश.
तपकिरी पाणी दांड्याच्या कडेने निथळलं.

"हललं काय?"
"हललं."
"किती?"
"एक सूत."
नदाफ हसला. त्याला वाटलं, मी धंद्यातलं काही बोललो.
तसं ते होतंही.

मग दोन सूत. मग बोटभर.
उन्हं कलली तेव्हा पाय या कडेपासून त्या कडेपर्यंत
कुरकुरत का होईना, जात होता.
ग्रीस भरत राहिलो, जुनं काळं सगळं बाहेर पडून
नवं पिवळं दिसेपर्यंत.
केबल जोडली. पिनेला नवी तार.

इंजिन सुरू होणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं.
बॅटरीचा कागद टेबलावर आहे म्हणे, कुठल्या टेबलावर ते माहीत नाही.
तलावही दोनशे पावलं मागे सरकलेला.
तरी नदाफ चढला, सीट रुमालाने झटकली, चाकावर बसला.
वळवलं.
मागे पाय वळला.
पंख्याची सावली वाळक्या पाल्यावरून
सरकत ट्रॉलीच्या चाकापर्यंत आली, परत गेली.

"कुठं निघालात?"
"बाळ्याला. लेकीकडं," तो म्हणाला,
मग मागे वळून, जरा रागानेच,
"बसा की ओ. खाली काय थांबलालाव?"

मी हात पुसले. धोटा पिशवीत ठेवला.
चप्पल काढावी की नाही, कळेना.
काढली.