पान सहा, तळाशी

सव्वीस वर्षं पणजीत बसून
मी दुसऱ्यांच्या बातम्यांतले ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले.
निवृत्त झाले, तरी सकाळी पेपर उघडला
की हात लाल पेन शोधतोच.
आज पहिल्याच पानावर 'पाण्याचि टंचाई'.
मी वेलांटी वळवते, चहा संपवते.
टंचाई तशीच राहते.

शिवोलीत आमच्या वाड्यावर
पोदेराचा भोंपू सहाला, पेपरवाला साडेसहाला,
आणि मधल्या अर्ध्या तासात कुंपणावरून पिएदाद:
"कितें गो, आयज कोण मेलो?"
तिला देवनागरी वाचता येत नाही.
तिच्यासाठी मी पेपर मागून पुढे वाचते,
आधी काळ्या चौकटी, मग बाकीचं जग.
आडनाव आणि गाव सांगितलं की
ती मयताच्या आजोळापर्यंत पोचते.
आमच्या डेस्कवर असं कुणी असतं
तर निम्म्या दिलगिऱ्या वाचल्या असत्या.

मे महिन्यात तिच्या झाडाचा एक फणस पडला.
पिकला होता, पडला.
खाली काळ्या पाटीची भाड्याची गाडी.
काच गेली. माणसं धड होती,
आणि एकीचा मोबाईल चालू होता.

रात्री टीव्हीवर 'गोव्यात आकाशातून हल्ला!'
फणसाभोवती लाल वर्तुळ, वर बाण.
फणस संथपणे पडतो,
उलटा फांदीवर जातो,
पुन्हा पडतो.
चार चौकोनांत चार तज्ज्ञ एकदम बोलतात.
एकाने विचारलं, झाडाला परवानगी होती का?
निवेदक म्हणाला, या रसाळ फळामागे नेमकं दडलंय काय?
माझ्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली पिएदाद उसळली,
"रसाळ न्हय रे, कापो तो!"
त्या तासाभरात
ही एकच चूक कुणीतरी धरली.

मग कुणी त्याला ढोल लावले.
म्हापशाला लग्नात वऱ्हाड त्या ठेक्यावर नाचलं,
'धप्प' आला की सगळे खाली बसायचे.
माझा भाचा वेदांग म्हणाला, मावशी, वीस लाख!
मला वाटलं, काचेचा खर्च.
हेल्मेट घालून मुलं झाडाखाली उभी राहू लागली,
वर बघत, तोंड उघडं ठेवून.
एकाने पिएदादच्या विहिरीच्या कठड्यावर
ड्रोन उतरवला. कोंबडी पंधरा दिवस अंड्यावर बसेना.

लपवत नाही,
मीही तो व्हिडिओ सतरा जणांना पाठवला होता,
खाली हसरं तोंड लावून.
आयुष्यात पहिल्यांदा
न तपासता काही पुढे सोडलं.

जूनमध्ये तिनेच माणसं बोलावली.
करवतीचा आवाज दुपारभर,
मग आमच्या स्वयंपाकघरात
कधी नव्हतं तेवढं ऊन.

तिसऱ्या दिवशी पान सहा, तळाशी,
विहिरीच्या मोटरच्या जाहिरातीला चिकटून, चार ओळी:
'शिवोलीतील धोकादायक वृक्ष हटवला.
नागरिकांतून समाधान.'
मालकिणीचं नाव 'पियादाद'.
मी नाव दुरुस्त केलं. 'समाधान'पाशी पेन थांबलं,
तिथे शुद्धलेखनाची चूक नव्हती.

"कितें बरयलां?" कुंपणावरून.

मी वाचू लागले.
की हे झाड तिच्या सासूने लावलेलं,
दर पावसाळ्यात त्याच्या आठळ्या
अख्खा वाडा डाळीत घालून खायचा.
की त्याचा फणस कापा होता.
की त्याने साठ वर्षांत
कुणालाही इजा केली नाही.
चार ओळींतून मी किती वेळ वाचत होते कोण जाणे.
पोदेरसुद्धा सायकल टेकवून थांबला.

पिएदादने डोळे पुसले नाहीत,
हात पुसले, गाऊनला.
मग ते कुंपणावरून पुढे केले.
"कापून दी गो म्हाका.
स्विंडनाक पुताक धाडटां."

कात्री माझ्या हातात आहे.
पोराने गोव्यात सातवीपर्यंत मराठी वाचलंय.