चार स्क्रू

पुएर्तो मोंतच्या इस्पितळात
फोरमन संत्री घेऊन आला, आणि एक कागद.
"सही कर, एर्सिलिया. हातमोजा तूच काढला होतास."
बँडेजचं गाठोडं तिने पांघरुणावर ठेवलं:
"सहीचा हात हा."
"अंगठा चालेल."
"तो शाबूत आहे. देणार नाही."

तो गेल्यावर मी संत्रं सोललं.
डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरीसारखं, तिने वहीत लिहिलं:
मशीन सात. मंगळवार. पहाटे चार वीस. जाळी नव्हती.
मग माझ्याकडे बघत राहिली.

जाळी आता आहे. दुपारपर्यंतच बसवली.
सॅमन कापताना रोज दिसतात मला
जाळीचे चार स्क्रू, चकचकीत,
बाकी मशीन मळकट.

माझ्याही घराचा हप्ता आहे.

वही जवळ ओढली. नाव लिहिलं,
आडनावासकट.
पानावर संत्र्याचा डाग पडला.