दम

महूहून छोटा हत्तीवर आला,
त्याच्यावर दोन गाद्या, गाद्यांवर होमायबाईंचा नातू.
जेल रोडच्या माझ्या दुकानात पेट्या येतात:
भजनी मंडळांच्या, शाळांच्या, एखादी खानदानी,
जिच्या आत झुरळांची अंडी.
हा पहिलाच, ज्याला बोटं लागत नाहीत.
कागदाला भोकं, भोकांतून हवा,
पट्ट्या आपल्या आपण खाली जातात.
जायच्या, म्हणजे.

खालची फळी काढली. अठ्ठ्याऐंशी भाते,
कंगव्याएवढे, रांगेत,
मधमाश्यांनी सरकारी नोकरी धरावी तसे.
बोट लावलं तर कापड तडकलं
जळक्या पापडासारखं. रबराची काळी पूड
नखांत बसली ती दिवाळीपर्यंत निघाली नाही.

पेटी फुंकते. बापाकडून एवढं ज्ञान मला आलेलं.
हा उलटा. हा ओढतो.
याचं सगळं वाजणं आत घेण्यात.
मला हे कळायला तीन दिवस गेले.
चौथ्या दिवशी हेरंब म्हणाला,
"काका, म्हणजे हा रुसलेल्या माणसासारखा बोलतो."

सियागंजात मुस्तनसिरभाईंकडे
छत्रीचं कापड ओठांना लावून ओढलं. हवा आली.
रेनकोटचं लावलं. हवा नाही, पण दुमडेना.
गल्ल्यावरून आवाज:
"भिया, कपड़ा ले रहे हो कि चूम रहे हो?"
शेवटी माळ्यावरून एक पातळ तागा उतरला,
सुती, एका अंगाला रबर,
जुन्या कॅमेऱ्यांच्या भात्यांसाठी मागवलेला
नेमका ज्या वर्षी फोटोवाल्यांनी ते कॅमेरे विकले.

गरम पाण्यात डबा ठेवला.
वासानं वरच्या आपटेबाई जिना उतरल्या.
"काय शिजवताय?"
"सरस."
"कशापेक्षा?"

सत्तेचाळिसावा भाता सोलला तेव्हा
आतल्या लाकडावर पेन्सिलनं, बाळबोध अक्षरात:
*सरस कमी पडला. माफी असावी.*
नाव नाही. साल नाही.
एका बाजूला खरंच कणकेची खळ होती, खडखडीत वाळलेली.
मी स्टुलावर बसलो.
माफी कुणाची मागत होता हा?
मालकाला हे कधीच दिसणार नव्हतं.
वाजवणाऱ्यालाही नाही.
उघडणाऱ्यालाच दिसणार होतं फक्त.
हेरंबला सांगितलं, एवढं लाकूड घासू नकोस.

मग तपासणी. भाता चिमटीत मिटायचा,
भोकावर अंगठा, चिमूट सोडायची.
मिटलेला राहिला तर ठीक,
फुगायला लागला तर परत डबा, परत कात्री.
"दम धर," मी प्रत्येकाला म्हणत होतो,
जेवायच्या पंगतीत पोरांना म्हणतात तसं,
पण इथे त्याचा अर्थ तोच होता, शब्दाला शब्द.
एकोणऐंशींनी पहिल्या खेपेत धरला.
नऊंनी रडवलं.
सत्तेचाळिसावा त्या नऊंत नव्हता.

होमायबाई काठी टेकत आल्या,
पदरात गुंडाळलेला रोल.
मी पाय मारायला लागलो आणि पट्ट्या
बुडू लागल्या, वर येऊ लागल्या, कुणीच नसताना.
हेरंब पाऊलभर मागे सरकला.
रस्त्यावर एक स्कूटर थांबली.
बाई पट्ट्यांकडे बघत नव्हत्या.
त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"हवे बस," त्या मध्येच म्हणाल्या.
"हियां जाल पाय काढी लेतो.
खिडकीपर्यंत जायचा, सिगरेटची राख झटकायचा,
परत येऊन बसायचा."

मी पाय उचलले.
सूर थांबला नाही.
आत जेवढं धरलेलं होतं तेवढ्यावर
तो चालत राहिला,
बाईंचे ओठ हलत होते, आकडे मोजत,
चार, पाच,
सहाव्याला एक पट्टी अर्धी जाऊन राहिली.

"जरा लवकर संपला," बाई म्हणाल्या.
मग खिडकीकडे बघून:
"पण राख झटकून होते एवढ्यात."