नात्याचा रकाना

उभादांड्याच्या काजू कारखान्यात मी वजनकाट्यावर बसतो.
समोर बायका, बोटांना राख फासून,
एकेक बी फोडत.
तेल उडतं. कातडी जाते, परत येते,
येते ती काळी.
बी सगळी इथली नव्हे. इथली दिवाळीपर्यंतही पुरत नाही,
मग बोटीतून येते, गोणींतून,
गोणीवर निळ्या शाईत नाव: नाकाला.
नाकाला कुठं, मला ठाऊक नव्हतं.
मालकाला भाव तेवढा ठाऊक.

नातालीन डिमेलोला ठाऊक होतं.
तिचा नवरा तारवटी.
तिथल्या धक्क्यावर तापानं आडवा झाला तेव्हा
कुणा सिस्टरांनी सोळा दिवस त्याला पेज भरवली,
आणि त्यांच्या ओसरीवर पोरं होती, म्हणे, चाळीसेक,
आफ्रिकेतल्या त्या उन्हात, कुणाचीच नसलेली.
तो परतला, अकरा वर्षं जगला,
आणि दर नाताळाला क्रिबमध्ये पेंढा पसरताना
एवढंच बोलायचा:
"पेजेचा देणा रवला गो."

त्याच्यामागं ते देणं तिनं अंगावर घेतलं.
शनिवारी मी मजुरी वाटायचो, तेव्हा टेबलाच्या कडेला
ती दूधपावडरीचा रिकामा डबा ठेवी,
आणि गप्प उभी राही.
सुहासिनी मेस्त्री पाच टाकी.
मुमताज शेख कधी दहा, कधी काहीच नाही,
तेव्हा डब्याकडे न बघता जाई.
चंद्रभागा आरोलकर म्हणाली एकदा,
"आमची पोरां काय पोटभर जेवतत?"
"नाय," नातालीन म्हणाली.
डबा तिथंच राहिला.
पुढच्या शनिवारी चंद्रभागेनं
तंबाखूचा वास येणारी वीसची नोट टाकली.
का, ते सांगितलं नाही.

मी काट्यावरची धूळ पुसत बसायचो.

तिकडून पत्र आलं. फादर ग्रासियसनी वाचून दाखवलं,
पोर्तुगीज त्यांना जुजबी, अर्धं अंदाजानं.
पण मधेच बायका ओरडायच्या,
"मेज! आमचीय मेज!"
"पाव!"
आणि काजूला तिकडेही काजूच म्हणतात, हे कळल्यावर
हसणं थांबेना.
सोबत एका पोराचं चित्र:
रेघारेघांचा समुद्र, त्यातून अर्धा वर आलेला सूर्य,
खाली लिहिलेलं, सकाळ.
"पोर चुकला," सुहासिनी म्हणाली,
"सूर्य समुद्रात सांजेक बुडता."
नातालीन कागद उलटसुलट करत राहिली.
"थंयसून बघल्यार," ती सावकाश म्हणाली,
"सूर्य आमच्या अंगान येता."

बँकेत फॉर्म मी भरला.
नवा अधिकारी, मूळचा साताऱ्याचा.
मशीन तिचा अंगठा घेईना.
तेलानं रेषा पुसल्यात, मी म्हणालो,
त्यानं तिचा हात उताणा करून पाहिला
आणि मग मशीन बाजूला ठेवलं.
"पैसे घेणाऱ्याशी नातं? रकाना रिकामा चालत नाही."
"देणगी लिहा," मी सुचवलं.
"ते कारण झालं. मी नातं विचारतोय."
"धर्माचं?"
मला डब्यातली तंबाखूची नोट आठवली,
मुमताजची दहाची. मीच म्हणालो, नको.
नातालीन काउंटरवर वाकली.
"लिव," म्हणाली, "पेज."
"पेज? म्हणजे पान?"
"न्हय. पेज."
रांगेतल्या कुणीतरी समजावलं, तांदळाची, मीठ घातलेली.
त्यानं टोप काढल्यासारखा चष्मा काढला,
पुसला, टाइप केलं.
कॉम्प्युटरनं हरकत घेतली नाही.

आता माझं.
आमचा काटा किलोमागं पन्नास ग्रॅम खातो.
मालकानं लावून दिलाय तसा,
आणि अकरा वर्षं मी तो तसाच वाचलाय,
मोठ्यानं, बायकांच्या तोंडावर.
सोमवारी सहाला कारखाना उघडला.
नाकालाच्या गोण्या दाराशी रात्रीच उतरल्या होत्या,
तागाला खारट वास.
कुणी आलं नव्हतं.
मी काट्याखालचा स्क्रू
दीड वेढा फिरवला.

मालकाला अजून कळलेलं नाही.
नातालीनला, वाटतं, कळलंय.
परवा वजन ऐकून ती थोडी थांबली,
काही बोलली नाही,
आणि डबा टेबलावर
माझ्या बाजूला सरकवून गेली.