विदाउट परमिट

सोहार बंदराच्या पाठीमागे आमचं पोर्टाकेबिन,
गळक्या एसीखाली बादली,
आणि कुरियाकोस साहेबांची लाल पेन्सिल.
पहिल्याच महिन्यात मी रिपोर्टात लिहिलं होतं :
वॉकिंग विदाउट हेल्मेट, द फोरमन सॉ अ स्कॅफोल्डर.
साहेब हसले नाहीत.
म्हणाले, रेडीज, तू फोरमनचं हेल्मेट काढलंस.
आणि खरंच, मस्कतहून फोन आला त्याला.
दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

मी म्हटलं, साहेब, आमच्यात असं होत नाही.
आमचा शब्द प्रत्यय गळ्यात अडकवून हिंडतो.
'फोरमनला' वाक्याच्या कुठल्याही खोलीत झोपू दे,
त्याचा 'ला' त्याच्यापाशीच असतो,
हजेरीला सापडतो.
ते म्हणाले, इथे कार्ड नाही.
इथे शब्द ज्याच्या शेजारी उभा, त्याचा माणूस.

हे मात्र चटकन कळलं.
पहाटे साडेचारला गेटवर
ज्याच्या रांगेत उभे राहू, त्याचे आम्ही त्या दिवसापुरते.

मग संध्याकाळी, जनरेटरच्या आवाजात, 'ओन्ली'.
ओन्ली ही सेंट मनी होम.
ही ओन्ली सेंट मनी होम.
ही सेंट ओन्ली मनी होम.
फरक सांग, म्हणाले.
दोन सांगितले.
तिसऱ्याचा माहीत होता, सांगितला नाही.
साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही,
त्यांचं घर कोट्टायमला होतं.

ऑगस्टात दिलावर पारकरवर पाइपांचा गठ्ठा आला.
क्रेनचं परमिट निघालं नव्हतं,
क्रेन निघाली होती.
मी लिहिलं : विदाउट परमिट उचललेला भार
खाली उभ्या स्कॅफोल्डरला लागला.
तेच इंग्रजीत, नीट, स्वल्पविराम तपासून.

प्रोजेक्ट मॅनेजर स्वतः आला, स्वतःचा चहा घेऊन.
बोट ठेवून म्हणाला, हे दोन शब्द उचल
आणि इकडे ठेव, 'उभ्या'च्या आधी.
म्हणजे भार नुसता भार होणार होता
आणि दिलावर विदाउट परमिट उभा राहणार होता,
विम्याच्या रकमेसकट.
तो म्हणाला, यात खोटं काय? शब्द तेच आहेत.
परमिट नव्हतंच ना?
नव्हतं, मी म्हटलं.
झालं तर.

कुरियाकोस साहेब पेन्सिलीला टोक करत होते.
टोक झालं तरी करत राहिले,
लाल सालं बादलीतल्या पाण्यावर तरंगत होती.
वर बघतील असं वाटलं. बघितलं नाही.
माझा व्हिसा नोव्हेंबरात संपत होता.

रात्री मी वाक्य हातात धरून बसलो,
उताण्या कासवासारखे त्याचे पाय हलत होते.
सकाळी ते होतं तसं छापलं.
शौर्य वगैरे काही नाही,
सही करताना 'रेडीज'मधला 'डी' वाकडा आला.
पुढे मस्कतमध्ये कुणाच्या पेन्सिलीखाली
ते वाक्य गेलं, मला ठाऊक नाही.

शुक्रवारी दिलावरला भेटायला गेलो.
पाय वर टांगलेला, पोटापर्यंत चादर.
हात थरथरत होते, म्हणून फोन माझ्याकडे दिला.
म्हणाला, बाणकोटला नफीसाला लिही,
फक्त पाय मोडलाय.
मी लिहू लागलो.
थांब, म्हणाला. खोडून टाक ते.
लिही, पाय फक्त मोडलाय.

मी बघत राहिलो.
सातवी नापास, वर्गाला कधी आला नाही,
'फक्त' उचलून एक घर पुढे ठेवलं त्यानं,
अल्लाची शपथ घ्यायला लागली तरी चालेल
अशा जागी.

दोन बरगड्या त्यानं मला
वाक्याबाहेर ठेवायला सांगितल्या.